‘रणरागिणी’ : पणजीतील चार रविवारांच्या चित्रमालिकेविषयी

पणजीतील एका छोट्या चित्रपट मंडळाने यंदा भर पावसाळ्यात, सलग चार रविवारी संध्याकाळी, हाँगकाँग आणि तैवान येथील जुने तलवारपट दाखवले. पत्रकावर ‘रणरागिणी’ असे ठसठशीत शीर्षक होते आणि चारही खेळांची मिळून वर्गणी ६०० रुपये होती. मी पेडण्याहून चारही वेळा गेलो. पैसे वसूल झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र शीर्षक आणि निवड यांचा मेळ बसला नव्हता, आणि ही विसंगतीच मला मालिकेतील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटली.

पहिल्या रविवारी किंग हू यांचा १९६६ सालचा ‘कम ड्रिंक विथ मी’ होता. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओने काढलेल्या या चित्रपटात चेंग पेई-पेई यांनी जी तलवारबाज स्त्री रंगवली आहे, तिच्या नावाचा अर्थ मराठीत ‘सोनपाकोळी’ असा करता येईल. दरोडेखोरांनी ओलीस धरलेल्या भावाला सोडवण्यासाठी ती पुरुषवेशात एका खाणावळीत येऊन बसते. गुंड तिला हळूहळू घेरतात, एकेक डाव टाकून पाहतात, आणि ती फारशी न हलता तो डाव त्यांच्यावरच उलटवते. चेंग या नृत्य शिकलेल्या होत्या आणि दिग्दर्शकाने त्या शिक्षणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. घाव पडण्याआधीची ताणलेली शांतता, मग तीन-चार झपाटे, पुन्हा शांतता, आणि या सगळ्यामागे पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्यातील तालवाद्ये. ज्याने देवळासमोर रात्र जागून दशावतार पाहिला आहे, त्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडेही देव आणि राक्षस यांच्या युद्धाचा निकाल तलवारीच्या आधी मृदंग आणि झांज लावून टाकतात. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी दशावतारात स्त्रीपार्ट करीत असत. पुरुषवेशातल्या चेंग यांची चाल पाहून ते हळूच म्हणाले, “आम्ही करायचो त्याच्या हे नेमके उलटे आहे, पण पाऊल टाकण्याआधी थांबायचे ते तसेच.” मंडळाच्या प्रास्ताविकापेक्षा मला या एका वाक्याने अधिक शिकवले.

याच चित्रपटाच्या उत्तरार्धात मात्र कथेचे सुकाणू नायिकेच्या हातून सुटते. विषारी शस्त्राने ती जखमी होते, दारुड्या भिकाऱ्याच्या वेशात वावरणारा एक सिद्धहस्त योद्धा तिला वाचवतो, आणि पुढे त्याचे व त्याच्या गुरुबंधूचे जुने वैर हाच चित्रपटाचा गाभा होऊन बसतो. अखेरची लढत या दोन पुरुषांची आहे. त्या वेळी मला ही पटकथेतली ढिलाई वाटली होती. पुढच्या दोन रविवारांनी हे मत बदलले.

कारण दुसऱ्या रविवारचा चित्रपट, चांग चेह यांचा १९६८ सालचा ‘गोल्डन स्वॅलो’, याच नायिकेच्या नावाने निघाला आहे आणि तरीही तो तिचा नाही. वांग यू यांनी उभा केलेला पांढऱ्या वस्त्रांतला उन्मत्त तलवारबहाद्दर जागोजागी माणसे मारतो आणि प्रेतांजवळ नायिकेची खूण ठेवतो, केवळ ती आपल्याला शोधत यावी म्हणून. तिच्यावर प्रेम करणारे दोन पुरुष एकमेकांशी लढतात आणि ती बहुतेक वेळ त्यांच्यामध्ये पडून विनवण्या करते. चांग चेह हे ‘यांगगांग’, म्हणजे मर्दानी तेज, या कल्पनेचे उघड पुरस्कर्ते होते. चिनी पडद्यावर तोवर नायिकांचे वर्चस्व होते आणि ते मोडावे असे त्यांना वाटे. या वर्चस्वाची कल्पना येण्यासाठी एक उदाहरण पुरे आहे : १९६३ साली तुफान लोकप्रिय झालेल्या ‘द लव्ह इटर्न’ या संगीतपटात नायकाची भूमिकासुद्धा आयव्ही लिंग पो या स्त्रीनेच केली होती. मंडळाने या संगीतपटातील दहा मिनिटे जरी आधी दाखवली असती, तरी पुढचे सारे प्रेक्षकांना सहज उलगडले असते.

तिसऱ्या रविवारचा ‘द न्यू वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ (१९७१) हाही चांग चेह यांचाच चित्रपट आहे. ‘रणरागिणी’ या शीर्षकाखाली तो का निवडला, हे मला शेवटपर्यंत समजले नाही, पण निवडला याबद्दल मी आभारी आहे. पराभवानंतर स्वतःचा हात तोडून खाणावळीत ताटे उचलणारा तरुण (डेव्हिड चियांग) आणि त्याला माणसात आणणारा उमदा योद्धा (टी लुंग) यांची मैत्री इतक्या कोवळेपणाने चितारली आहे की तिला प्रेमकथा म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. दोघे एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतात, तशी नजर चित्रपटातील लोहाराच्या मुलीच्या वाट्याला कधी येत नाही. पुढे मित्र कंबरेपासून दुभंगून मारला जातो आणि एकहाती नायक पुलावर शत्रूंच्या थव्यात घुसून त्याचा सूड घेतो. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले, आणि ते बहुतांशी पुरुषांचे होते. चांग चेह यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले दिग्दर्शक जॉन वू पुढे पिस्तुलांच्या चित्रपटांत हीच मैत्री घेऊन गेले.

इथे माझ्या ध्यानात आले की या चित्रपटांतल्या पुरुषाला जिवाभावाचा मित्र मिळतो, गुरुबंधू मिळतो, निदान तोलामोलाचा शत्रू तरी मिळतो. तलवार धरणाऱ्या स्त्रीला सखी मिळत नाही. तिचा बाप असतो, भाऊ असतो, तिला वाचवणारा कोणी असतो. जिच्याजवळ ती मन मोकळे करील अशी दुसरी स्त्री या चार चित्रपटांत नायिकेला एकदाही भेटत नाही.

चौथ्या रविवारी किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ पाहताना हे एकटेपण अधिकच जाणवले. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटाला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचे पारितोषिक मिळाले होते. पहिली खरी लढत येईपर्यंत बराच वेळ जातो आणि मागच्या रांगांतील काही मंडळी तोवर उठून गेली, त्यांचे दुर्दैव. श्यू फंग यांनी साकारलेली सरदारकन्या राजदरबारातील खोजाच्या हेरांपासून लपून एका ओसाड गढीत राहते. तिच्यासोबत एकनिष्ठ सेनापती आहेत, शेजारी भाबडा चित्रकार आहे, तरीही तिच्या चेहऱ्यावरचे अंतर कमी होत नाही. बांबूच्या बनात उंचावरून ती शत्रूवर झेपावते तो क्षण पाहण्यासाठी मी पुन्हा वर्गणी भरेन. विशेष म्हणजे या चित्रपटात तिला कोणी बाजूला सारत नाही. चित्रकारापासून झालेले मूल ती त्याच्याच हवाली करते आणि मठाची वाट धरते. हा निर्णय सर्वस्वी तिचा आहे आणि दिग्दर्शक त्याबद्दल तिच्याकडून खुलासा मागत नाही.

आता व्यवस्थेविषयी. पहिल्या रविवारी पडद्याच्या दोन्ही कडा कापल्या जात होत्या, त्यामुळे खाणावळीतील अर्धे गुंड चौकटीबाहेर राहिले. तक्रार केल्यावर पुढच्या वेळी ही चूक सुधारली. इंग्रजी उपशीर्षकांची खालची ओळ मात्र चारही दिवस पुढच्या रांगेतील डोक्यांआड होती. चर्चेसाठी ठेवलेली वीस मिनिटे दर वेळी एकाच वक्त्याने घेतली, आणि तिसऱ्या रविवारी तर बायकांच्या बाजूने हात वर असतानाही ‘पुरुषी मैत्री’ या विषयावर पुरुषच बोलत राहिले. चहा उत्तम होता. शेवटचा खेळ साडेसहाला सुरू करण्यात मात्र शहाणपण नव्हते. उत्तरेकडे जाणाऱ्या आम्हा चौघांना परतीसाठी टॅक्सी करावी लागली, आणि अस्नोड्यापर्यंत सोबत असलेल्या एका शिक्षिका वाटेत चित्रकाराच्या हवाली केलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले असेल याचाच तर्क करीत होत्या.