नाताळचा एगलेस प्लम केक: बेकरीतला की घरचा?

बडोद्यात एगलेस केक कुठे मिळेल, हा प्रश्न कुणाला पडत नाही. नाताळचा प्लम केक आणायचा आणि घरात अंडं न चालणारं माणूस असेल, तर मात्र विचार करावा लागतो. आमच्याकडे तीन नाताळ बेकरीचा केक आला, गेले चार मी घरी करतोय.

दिसण्यात बेकरी पुढे, हे आधीच कबूल करतो. तिथला केक सारखा फुगतो आणि कापताना मोडत नाही. अंड्याचं काम दही, सोडा आणि कंडेन्स्ड मिल्कवर भागवलं की घरचा केक मधे जरा बसतो. माझा अजूनही बसतो. चवीचं मात्र उलट वाटतं. रमचा प्रश्न नाही, गुजरातेत दारूबंदीच आहे. मी काळ्या मनुका, बेदाणे, खजूर चार दिवस संत्र्याच्या रसात मुरवतो, तेही फ्रीजमध्ये, बाहेर रस आंबतो. साखर करपवून तिचं पाणी घातलं की रंग येतो. मी आणलेल्या बेकरीच्या केकांत टूटीफ्रूटीच जास्त होती. सगळीकडे तसं असेलच असं नाही.

माझा निर्णय झाला तो सुरीमुळे. 24 डिसेंबरची संध्याकाळ होती. फतेगंजातली रोषणाई बघून येताना एका बेकरीत थांबलो. मोठ्या ट्रेमधून केक कापून देत होते. ‘एगलेस?’ विचारलं तर ‘हा काका, एगलेस ज छे.’ केक एगलेसच होता. पण माझ्याआधीच्या गिऱ्हाइकाची अंड्याची पेस्ट्री जिने कापली, तीच सुरी फडक्याला पुसून माझ्या केकात घातली. घरी आईने विचारलं, ‘सुरी वेगळी होती ना रे?’ मला खोटं बोलवेना. तिने बशी माझ्याकडे सरकवली. ‘तुम्ही खा, मला शेजारची करंजी आहे.’ आमचे शेजारी मराठी ख्रिस्ती, नाताळला करंज्या-चकल्यांचं ताट पाठवतात. तिचं पोट भरलं, पण सगळ्यांनी मिळून केक खायचा म्हणून तर आम्ही तो आणला होता.

वेळ नसेल तर हिरव्या ठिपक्याचा पाकीटबंद केक घ्यावा. आपल्याकडे अंडं मांसाहारात धरलं जातं, त्यामुळे त्या खुणेत अंडंही वगळलेलं असतं. अंडं अजिबात न वापरणारी बेकरी जवळ असेल तर तीही चांगलीच. सुटी मार्शमेलो मात्र विचारूनच घ्यावीत, त्यात बहुधा जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं.

पण एक दुपार मोकळी काढता येत असेल, तर मी घरीच करा म्हणेन. ओव्हन नको, कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून, मंद आचेवर तासाभरात होतो. आमच्याकडे आता अक्रोड आई फोडते. यंदा करणार असाल तर मनुका 20 तारखेला भिजत घाला.