कर्लिंगचं बिगिनर सेशन, पर्थशायर: नक्की करा, पण आधी ईव्ह म्युअरहेडच्या मॅच बघून जा

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या किंवा इकडे फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत नेऊन समोरच्या गोलात थांबवायचा खेळ. इथे बऱ्याच आइस रिंकवर नवख्यांसाठी त्याचं सेशन असतं, आम्ही पर्थशायरमधल्या एका रिंकवर केलं. पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार खेळाचा नाही, त्या रिंकच्या मॅनेजमेंटचा आहे, ते खाली सांगते.

पर्थशायरच का, तर ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेली कर्लर ईव्ह म्युअरहेड इथली. जन्म पर्थचा, वाढली ब्लेअर अथॉलला, वडील गॉर्डन स्कॉटलंडकडून खेळलेले, भाऊ ग्लेन आणि थॉमस पण कर्लरच, 2018 ला तिघंही भावंडं एकाच ऑलिम्पिकला होती. ज्युनियरची वर्ल्ड चॅम्पियनशिप चार वेळा जिंकली, आणि 19 व्या वर्षी व्हँकुव्हर ऑलिम्पिकला थेट स्किप म्हणून उतरली, स्किप म्हणजे कॅप्टन, शेवटचे निर्णायक दगड बहुतेक स्किपच टाकते.

आता सेशनचं. आधी बुटाखाली घसरणारा स्लायडर लावून देतात, एका पायाने हॅकला म्हणजे बर्फातल्या रबरी आधाराला रेटा द्यायचा, खाली बसल्यासारखं होऊन पुढे घसरत जायचं आणि हँडल हलकं फिरवून दगड सोडायचा. दगड जवळपास 20 किलोचा, ऑलिम्पिकचे दगड आयल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात आणि स्कॉटलंडमध्येच मॉखलिन गावातल्या कारखान्यात घडवतात. उचलायचा नसतोच म्हणून वजनाची भीती बाळगू नका. आम्हाला शिकवायला वयस्कर बाई होत्या, एवढ्या शांतपणे समजावत होत्या की माझ्या सासूबाईपण उतरल्या बर्फावर! गुडघे वाकत नसतील तर उभ्याने ढकलायला काठी मिळते, त्यांनी तीच वापरली आणि त्यांचे दगड माझ्यापेक्षा सरळ जात होते.

दिशा थोड्या वेळात जमायला लागते हो, पण जोर जमत नाही. इथे त्याला वेट म्हणतात. समोरच्या गोलाचा मध्य, म्हणजे बटन, साधारण 38 मीटर लांब, बर्फावर पाणी शिंपडून बारीक खडबडीत दाणे केलेले, त्यामुळे दगड वळतो पण आणि कधी अचानक मरतो पण. कॅरममध्ये स्ट्रायकर हलक्या हाताने मारून सोंगटी अगदी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन थांबवायची असते ना, तसं, फक्त इथे अख्खं शरीर घसरत असतं. माझा एक दगड मधल्या रेषेलाही पोचला नाही आणि पुढचा थेट मागे बाहेर.

आणि म्हणूनच म्हणते, आधी ईव्हच्या मॅच बघा. 2013 ला रिगामध्ये वर्ल्ड चॅम्पियन, 2014 ला सोचीमध्ये ब्राँझ, आणि मग 2018 प्याँगचांग. जपानविरुद्ध ब्राँझची मॅच, शेवटचा दगड तिच्या हातात, बरोबरी करून एक्स्ट्रा एन्ड (एन्ड म्हणजे दोन्ही टीमचे सगळे दगड टाकून होतात तो एक डाव) खेळता आला असता पण तिने थेट जिंकायचा शॉट घेतला, दगड मनासारखे आपटले नाहीत, मॅच 5-3 ने गेली. तेव्हा तिला लोक बरंच बोलले. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता आणि बर्फावर स्वतः दगड टाकून आल्यावर तर जास्तच वाटतो, कारण तेवढ्या प्रेशरमध्ये एवढा अवघड शॉट निवडायची हिंमत करायला आपल्या हातावर केवढा भरवसा लागत असेल. त्याच वर्षी तिचं हिपचं ऑपरेशन झालं. ही पोझिशन लहानपणापासून हजारो वेळा करायची म्हणजे शरीराचं काय होतं ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं, माझी मांडी आणि कंबर दोन्ही बोलत होत्या.

2021 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून ऑलिम्पिकचं तिकीट मिळालं नाही, डिसेंबरमध्ये नेदरलँड्सला जाऊन क्वालिफायर खेळावी लागली. 2022 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ईव्हची ब्रिटन टीम पहिल्या फेरीत 9 पैकी 4 मॅच हरली. ब्रिटन, जपान, कॅनडा तिघंही सारख्याच पॉइंटवर, आणि पुढे कोण जाणार हे कशावर ठरलं, तर प्रत्येक मॅचआधी बटनाच्या दिशेने टाकलेले दगड मध्यापासून सरासरी किती लांब थांबले यावर! म्हणजे निव्वळ हाताच्या अंदाजावर. जेनिफर जोन्सची कॅनडा टीम तिथे बाहेर गेली. मग सेमीफायनलला स्वीडनने पहिल्याच एन्डला चार पॉइंट घेतले तरी एक्स्ट्रा एन्डला 12-11 ने जिंकल्या, आणि फायनलला समोर परत जपान, 10-3. सातव्या एन्डला चार पॉइंट मिळतात तेवढा भाग तरी बघाच. टीममधली विकी राइट नर्स आहे, कोविडमध्ये हॉस्पिटलमध्ये ड्युटी करत होती. ब्रिटनचं त्या ऑलिम्पिकमधलं हे एकमेव गोल्ड, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईव्हने रिटायरमेंट घेतली.

आता तक्रार. आमच्या ग्रुपमध्ये माणसं जास्त आणि शिकवणाऱ्या बाई एकट्या, त्यामुळे स्वीपिंग म्हणजे दगडापुढे ब्रश घासणं शेवटी घाईघाईत उरकलं. स्वीपिंगने दगड लांब जातो आणि वळायचाही कमी होतो, टीव्हीवर बायका एवढ्या का ओरडत असतात ते तेव्हाच कळतं, त्याला निदान अर्धा वेळ द्यायला हवा होता. बुकिंग करताना ग्रुप किती जणांचा आहे ते आधी विचारून घ्या.

जाताना जीन्स नको, ताणली जाणारी पँट घाला, स्वच्छ सोलचे बूट आणि हातमोजे न्या, रिंकमध्ये चांगलीच थंडी असते. सीझन साधारण सप्टेंबर ते मार्च, उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी बर्फ नसतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांनी आधी फोन करून विचारा.