आयुष्मान कार्डाची दुसरी प्रत: प्लास्टिकला दोन तारे, बाकीच्याला साडेचार

आईच्या आयुष्मान कार्डाच्या दुसऱ्या प्रतीवरचा क्यूआर कोडही आता पुसट व्हायला लागलाय, म्हणून लिहायला बसलो. या कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट होतात; ते कुणाला, कुठल्या आजाराला, हे माहीत आहे असं धरून चालतो. ज्यांना कार्ड पहिल्यांदाच काढायचंय त्यांनी गावातल्या आशाताईंना गाठावं. मी लिहितोय ते कार्ड खराब झाल्यावर किंवा हरवल्यावर काय होतं, एवढ्यापुरतंच.

पहिलं कार्ड २०२३ सालचं. 'आयुष्मान भव' मोहीम चालू होती, ग्रामपंचायतीत टेबल मांडलं होतं, आमचं घर २०११ च्या सर्वेक्षणाच्या यादीत होतं. कार्ड फुकट मिळालं आणि आईनं ते चंचीत ठेवलं. चंचीत पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी. डबीचं झाकण सैल. आईचा अर्धा चेहरा, पीएमजेएवाय (म्हणजे आयुष्मान योजनेच्या) क्रमांकाची पहिली काही अक्षरं आणि क्यूआरचा एक कोपरा चुन्यानं खाल्ला. आईचं म्हणणं, "माझं नाव दिसतंय की अजून."

दुसऱ्या प्रतीसाठी आधी तालुक्याच्या एका सेवा केंद्रात गेलो. त्यानं दोनशे रुपये सांगितले. कार्ड हरवलं असेल तर पोलीस ठाण्याचा दाखला आणा, हेही वर. आता २०२१ मध्ये योजना चालवणारं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सीएससी, म्हणजे ही सेवा केंद्रं चालवणारी संस्था, यांचं ठरलं होतं की पहिलं पीव्हीसी (प्लास्टिकचं) कार्ड लाभार्थ्याला फुकट आणि पुन्हा छापून हवं असेल तर १५ रुपये. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, त्या पंधरात तर कोरं कार्डसुद्धा येत नाही." त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं खरं असेलही. पण पंधरा आणि दोनशे यांच्यात जे अंतर आहे ते मी का भरू? उठलो.

घरी येऊन मोबाइलवर आयुष्मान ॲप टाकलं. लाभार्थी म्हणून लॉगिन, राज्य, योजना, जिल्हा, मग आधार क्रमांकावर शोध. सगळ्या घराची नावं समोर आली आणि आईच्या नावापुढे कार्ड उतरवून घ्यायची खूण होती. पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कसलाही अर्ज, काही मागितलं नाही. मागितली फक्त ओळख पटवणी. आणि तिथंच अडकलो, कारण आईच्या आधारला जोडलेला नंबर धाकट्या भावाच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असणार.

बोटांचे ठसे हा दुसरा मार्ग. भाच्याकडे ठसे घ्यायचं यंत्र आहे, त्याच्याकडे नेलं. आईनं जन्मभर भांगलण केली आहे. बोटांच्या रेषा राहिल्यात कुठं? दहाही बोटं लावून झाली, खोबरेल लावून पुसून झाली, यंत्राला एक बोट पटेना. शेवटी चेहऱ्यावरून ओळख. त्यासाठी आधारचं फेस आरडी नावाचं वेगळं ॲप मोबाइलवर लागतं, ते आधीच उतरवून ठेवा. गोलात चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. आई डोळे मिटायची ती मिटूनच बसायची. "आरं, किती येळ मिचकवू? डोळं दुखाय लागलं." घरात जमेना म्हणून दुपारच्या उन्हात ओसरीवर बसवलं आणि एका झटक्यात झालं. म्हाताऱ्या माणसांचं करायचं असेल तर आधी उजेड बघा, मग नेटवर्क. चष्माही काढून ठेवा.

पीडीएफ हातात आली. खर्च शून्य. इथपर्यंत माझे साडेचार तारे.

आता छपाई. साध्या कागदावर रंगीत प्रत काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली असती तर भागलं असतं, पण चंचीचा अनुभव ताजा होता, म्हणून फोटो स्टुडिओतून पीव्हीसी कार्ड छापून घेतलं. पन्नास रुपये. दिसायला झकास. गावाकडे ही कार्डं बहुतेक साध्या इंकजेट प्रिंटरवर छापतात. कोऱ्या कार्डाला वरून एक थर दिलेला असतो, शाई त्या थरात मुरते आणि तिच्यावर संरक्षण असं काही नसतं. घामाचा हात लागला, पाकिटाच्या रेक्झिनला चिकटलं, की शाई उठून तिकडे जाते. आमच्या कार्डावरचा निळा रंग पाकिटाच्या आतल्या बाजूला आलाय. आईचा फोटो तिथं उलटा वाचता येतो. एक पावसाळासुद्धा निघाला नाही. दुसऱ्या पद्धतीत रंगाची फीत तापवून छापतात आणि वरून पारदर्शक थर चढवतात, ते कार्ड टिकतं. यंत्र महाग असल्यानं ते शहरातच सापडतं. दुकानदाराला सरळ विचारा की वरून थर चढवतोस का. तो 'लॅमिनेशन करून देतो' म्हणाला तर करू नका, उष्णतेनं कार्ड वाकतं आणि शाई पसरते.

तुलनेसाठी, आधारचं पीव्हीसी कार्ड मी टपालानं मागवलं तेव्हा ५० रुपये पडले होते. त्यात स्पीड पोस्ट आलं, होलोग्राम आला, बारीक नक्षी आली. ते इतकी वर्षं माझ्या खिशात घामात भिजतंय आणि अजून खणखणीत आहे. तेव्हा तेवढ्याच पैशात एक सरकारी खातं असं कार्ड घरपोच देत होतं आणि पाच लाखांचं कार्ड मात्र फोटो स्टुडिओच्या भरवशावर सोडलेलं, हे मला पटत नाही. घरी सगळे म्हणतात, सोडा आता. सोडत नाही. रोज खिशात बाळगायची वस्तू रोज बाळगण्याजोगी असावी.

इथपर्यंतचं आधी लिहून ठेवलं होतं. मग आईच्या छातीत दुखायला लागलं आणि योजनेत असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखल करावं लागलं.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड मागितलं, त्यांच्या मोबाइलनं क्यूआर वाचेना. "ओरिजिनल कार्ड आणा, नाहीतर डिपॉझिट भरा." मी शाईवरचं माझं सगळं ज्ञान तिथं सांगायला सुरुवात केली, पण ऐकणार कोण. मग १५५३८८ ला फोन लावला, हा महाराष्ट्र सरकारच्या फुकट उपचारांच्या महात्मा फुले योजनेचा नंबर. केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचा १४५५५ आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालतात, त्यामुळे राज्याच्या नंबरावर गाऱ्हाणं घालणं जास्त सोयीचं. पलीकडून एकच वाक्य: काउंटर सोडा, त्याच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे जा.

आरोग्यमित्र म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा मदतनीस; इथं ती विशीतली एक पोरगी, कोपऱ्यातल्या टेबलावर. तिनं कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "दादा, आजींचं आधार आणि रेशनकार्ड द्या." रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर, आधार, आईचा एक फोटो, बस. नोंद उघडली. अँजिओप्लास्टीची मंजुरी त्याच संध्याकाळी आली. तिनंच सांगितलं की पेशंट फारच गंभीर असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. डिस्चार्जच्या दिवशी बिल शून्य. तपासण्या, स्टेंट, औषधं, आईचं जेवण, सगळं पॅकेजात. वर परतीच्या प्रवासाचं एसटीचं भाडं हातावर ठेवलं. मी दोनदा विचारलं की हे कशाचं. या योजनेत ते धरलेलंच असतं. आमच्या घरात कुठल्याही खात्यानं आपणहून पैसे परत दिल्याची ही पहिलीच नोंद.

त्यामुळे तारे बदलतो. कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक, त्याला दोन. नोंद आणि आरोग्यमित्र यांना साडेचार. अर्धा तारा काउंटरवरच्या डिपॉझिटच्या मागणीचा कापला, तो हॉस्पिटलचा दोष असला तरी. कार्ड हरवलं म्हणून रात्रीची झोप घालवणाऱ्यांनी आधी बघावं की आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का आणि रेशनकार्डाचा ऑनलाइन नंबर कुठे लिहून ठेवलाय का. हे दोन असतील तर कार्ड हरवून फारसं काही बिघडत नाही.

त्याच पोरीनं आणखी एक गोष्ट काढून दिली. आईचं वय विचारलं. आई म्हणाली, "भूकंप झाला तवा सोळा वर्सांची हुते." म्हणजे १९६७, कोयनेचा. आधारवर मात्र १ जानेवारी १९५४. खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस आधारनं एक जानेवारीला आणून ठेवलाय. कुठल्याही हिशेबानं सत्तर पूर्ण. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ज्यांचं कुटुंब आधीच योजनेत आहे त्यांच्या घरातल्या अशा माणसाला वर्षाला वेगळे पाच लाख, आणि ते घरातल्या इतरांच्या खर्चात धरले जात नाहीत. वय फक्त आधारवरचंच धरतात, भूकंप चालत नाही. जुनं कार्ड असलं तरी यासाठी ई-केवायसी, म्हणजे तीच ओळख पटवणी, नव्यानं करावं लागतं. म्हणजे मी जुन्याची दुसरी प्रत काढायला धावत होतो तेव्हा मिळू शकणारं कार्ड वेगळंच होतं, आणि सेवा केंद्रातल्या त्या दोनशेवाल्यानं त्याचा उल्लेखही केला नव्हता. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल आणि जुनं कार्ड खराब झालं असेल तर नुसती प्रत छापू नका, आधी हे करा.

पुन्हा ओसरी, पुन्हा डोळे मिचकावणं. या वेळी आई सरावली होती. हे कार्ड शहरात वरून थर चढवणाऱ्या यंत्रावर छापून घेतलं, ऐंशी रुपये गेले, आणि दहा रुपयांचं पारदर्शक पाकीट. दिवाळीपासून वापरतोय, अजून शाई जागची हललेली नाही. नखानं खरवडूनही बघितलं. ऐंशी रुपये जास्तच आहेत, पण पन्नासाचं पुन्हा पुन्हा छापण्यापेक्षा परवडलं.

एक सावधगिरी. नंतर डोळ्यांसाठी आईला दुसऱ्या एका हॉस्पिटलात नेलं तर तिथं वय वंदना कार्ड बघून "हे आमच्याकडे सुरू नाही, फुले योजनेत बघू" असं सांगितलं. म्हणून रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवणं सोडू नका, नवीन कार्ड कितीही चकचकीत असलं तरी.

बायकोच्या कार्डाचं घोंगडं मात्र भिजतच पडलंय. यादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं नीट जुळली तर कार्ड आपोआप मंजूर होतं, कमी जुळली तर वर कुणीतरी माणूस तपासतो. तो माणूस अजून आमच्या अर्जापर्यंत पोचलेला नाही. ॲपवर 'प्रलंबित' दिसतंय, पोर्टलवरही तेच. लग्नाचा दाखला जोडून पुन्हा ई-केवायसी करून बघतोय. मंजूर झालं तर इथंच खाली लिहीन, आणि छपाई कुठं केली तेही.