लाकडावरच्या बॉयलरचा पंप कुठे बसवावा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अक्कलकोट रस्त्यावर आमचा टॉवेलचे सूत रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. रंगाच्या टाक्या ६० अंशांपर्यंत तापवण्यासाठी गेल्या दिवाळीनंतर आम्ही शेडबाहेर लाकडावर चालणारा, वरून हवेला उघडा असलेला, म्हणजे दाब न धरणारा बॉयलर बसवला. त्यातले गरम पाणी छपराच्या कैच्यांवरून गेलेल्या नळाने शेडमध्ये येते, टाक्यांतल्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून फिरते आणि जमिनीलगतच्या नळाने परत जाते. बॉयलरबद्दल माझी तक्रार नाही. वेडी बाभूळ वाळलेली असली म्हणजे तो मुकाट्याने चालतो. जो काही त्रास झाला, तो पंपाच्या जागेने दिला.

फिटरने पंप परतीच्या नळावर, बॉयलरमध्ये शिरण्याच्या अगदी अलीकडे बसवला होता. थंड पाण्यावर पंप जास्त टिकतो, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही, पण पंपाच्या पाटीवरच ११० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली आहे आणि आमचे पाणी ८५ च्या वर क्वचित जाते. तेव्हा वाचवण्यासारखे तिथे फारसे नव्हते. उलट बॉयलरची उघडी टाकी पंपाच्या पुढे आणि सगळ्या नळांचे व कॉइलचे घर्षण मागे, अशी अवस्था झाल्याने पंपाला पाणी ओढून आणावे लागत होते. बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा कैच्यांवरचा नळ दीड मीटर उंच असल्याने तिथला दाब मुळातच हवेपेक्षा कमी, त्यात पंपाची ओढ. परिणामी वर बसवलेला स्वयंचलित एअर व्हेंट हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेऊ लागला. सकाळी दहाच्या सुमारास पंपातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई आणि शेवटची टाकी ४५ अंशांवरच अडून बसे. आम्ही मात्र तीन महिने कॉइल साफ करत राहिलो.

माघात पंप जाणाऱ्या नळावर हलवला. बॉयलरच्या वरच्या तोंडातून निघालेला नळ, आकार कमी न करता, सरळ खाली आणून जमिनीपासून हातभर उंचीवर पंप जोडला. आता पाणी आपल्या वजनाने पंपात येते आणि पंप ते पुढे ढकलतो. त्यामुळे तो चालू असेपर्यंत कैच्यांवरच्या नळातही दाब हवेपेक्षा जास्त राहतो. आवाज त्याच दिवशी थांबला. शेवटची टाकी ६० ला पोहोचायला दुसरा आठवडा लागला, कारण कॉइलमध्ये अडकलेली हवा एकदम निघत नाही.

त्याच वेळी मोटर वर तोंड करून उभी होती, ती आडवी केली. या पंपांचे बेअरिंग आतल्या पाण्यावरच फिरतात, आणि दांडा उभा असला की वर हवा साठून ते कोरडे पडतात. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह लावले, नाहीतर पंप उतरवायचा म्हणजे सगळे पाणी सोडून द्यावे लागे आणि आमच्याकडचे क्षारयुक्त पाणी पुन्हा भरणे म्हणजे कॉइलवर नवा थर चढवणे. मोठा पंप घेण्याचा आग्रहही मोडून काढला. बोअरच्या हिशेबाने उंची मोजण्याची इथे सवय आहे. पण भरलेल्या फिरत्या नळात चढलेले पाणी उतरताना उंचीची भरपाई करते, मोजायचे ते घर्षणच. ५० किलोवॅट उष्णता २० अंशांच्या फरकाने न्यायची तर तासाला सुमारे २,१५० लिटर पाणी पुरते, आणि तेवढे आमचा पंप देतो.

एक दोष मात्र जागा बदलूनही गेलेला नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि कैच्यांवरचा नळ पुन्हा हवा ओढू पाहतो. म्हणून स्वयंचलित व्हेंट काढून तिथे हाताने उघडायचा कॉक बसवला आणि पंपाला इन्व्हर्टर जोडला. इन्व्हर्टरचा भरवसा उन्हाळ्यात कमीच असतो; त्यामुळे वीज गेली की हवेचे झाकण बंद करून आग मंद करायची, आणि ती आल्यावर पंप चालू करून शिडीवर चढून कॉक सोडायचा, फुरफुर थांबून पाण्याची अखंड धार येईपर्यंत, हे काम आमच्या रंगाऱ्याने आपणहून अंगावर घेतले आहे.