ऑफिसच्या सर्व्हरवर काय बसवायचं: प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही की व्हर्च्युअलबॉक्स?

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या नाहीतर सात रस्त्याजवळचं सीएचं ऑफिस, गरज जवळपास सारखीच. टॅली, हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर, विंडोज ७ सोडून कशावरच न चालणारा एखादा जुना प्रोग्रॅम आणि सगळ्यांच्या फाइली. हे सगळं एकाच विंडोजवर कोंबलं की एकाचं अपडेट दुसऱ्याच्या मुळावर येतं. म्हणून वेगवेगळे व्हीएम (एकाच मशीनमध्ये चालणारे आभासी कॉम्प्युटर) करायचे ठरतात, आणि मग प्रश्न येतो: ते व्हीएम चालवणारा हायपरवायझर थेट हार्डवेअरवर बसवायचा (बेअर-मेटल), की आधी विंडोज टाकून त्यात एखाद्या प्रोग्रॅमसारखा चालवायचा (होस्टेड)?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्या मशीनवर इतरांचं काम अवलंबून आहे तिथे बेअर-मेटल, आणि ज्या मशीनसमोर कोणी बसून काम करतं तिथे होस्टेड. वेगाची चर्चा फार होते, पण दोन्ही प्रकार सीपीयूमधली व्हीएम चालवण्यासाठीची तीच व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही सोय वापरतात. टॅलीसारख्या कामात तो फरक हाताला लागत नाही. खरी परीक्षा लाईट जाऊन परत आल्यावर होते.

विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स आहे असं धरा. रात्री लाईट गेली, पहाटे आली, मशीन आपोआप सुरू झालं आणि विंडोजच्या लॉगिन पडद्यावर थांबलं. कोणीतरी येऊन पासवर्ड टाकून व्हीएम चालू करेपर्यंत हजेरीचं मशीन सर्व्हर शोधत बसतं. ऑटोस्टार्टची वेगळी सर्व्हिस आहे, पण तिची मांडणी किचकट असल्याने बहुतेक ठिकाणी ती केलेलीच नसते. विंडोज अपडेटने रात्री रीस्टार्ट मारला तरी हेच. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये ‘स्टार्ट अ‍ॅट बूट’ला टिक करायची, क्रम आणि मधला वेळ सेकंदांत भरायचा, की झालं. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू करायला मात्र विसरू नका, नाहीतर मशीन स्वतःहून उठणारच नाही.

व्हर्च्युअलबॉक्सची दुसरी नेहमीची अडचण नेटवर्कची. नवा व्हीएम मुळात नॅटवर असतो, म्हणजे मूळ मशीनच्या आडून नेटवर्कला जोडलेला. त्यामुळे व्हीएममधून इंटरनेट चालतं, पण ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीला तो दिसत नाही. सेटिंगमध्ये ‘ब्रिज्ड अ‍ॅडॅप्टर’ निवडून व्हीएमला ठरलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यावा, आणि होस्ट (मूळ मशीन) केबलवर असावा. वायफायवर ब्रिज हमखास रुसतो. व्हीएमच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर समजावं की विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून धापा टाकतोय. लायसन्सचंही बघा: मूळ प्रोग्रॅम मोफत आहे, पण एक्स्टेन्शन पॅक धंद्यासाठी मोफत नाही. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ मूळ प्रोग्रॅममध्येच आल्यामुळे डोंगलसाठी (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली) त्या पॅकची गरज उरलेली नाही. होस्टेडच हवं असेल तर आमची पसंती व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोला. नोव्हेंबर २०२४ पासून तो धंद्यासाठीही मोफत आहे, आणि ग्राफिक्स व स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) दोन्हीत सरस आहे.

बेअर-मेटलमध्ये पूर्वी डोळे झाकून व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय सांगितला जायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आली. इतक्या कोलांट्यांवर छोट्या ऑफिसचा सर्व्हर कोणी टांगावा? शिवाय मोफत आवृत्तीत बॅकअप सॉफ्टवेअरला आत यायला लागणारी वाट (एपीआय) बंद असते. नवी पेठेतून जुळवून आणलेल्या असेंबल्ड मशीनवर बहुधा रिअलटेकचं लॅन असतं आणि इन्स्टॉलर ते ओळखतच नाही. गाडी पहिल्याच पडद्यावर अडते.

हायपर-व्ही हा मधला मार्ग. विंडोज ११ प्रोमध्ये तो चालू केला की तोच खाली जातो आणि तुमचं विंडोज त्याच्या वर चालतं. म्हणजे दिसायला होस्टेड, मुळात बेअर-मेटल. लॉगिन न करता व्हीएम सुरू होतात, हे उत्तम. पण यूएसबी डोंगल किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन थेट व्हीएमला जोडता येत नाही, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत नेमकं तेच लागतं. होम आवृत्तीत हायपर-व्ही मिळतही नाही.

राहिलं प्रॉक्समॉक्स. डेबियनवर बांधलेलं, मोफत, आणि रिअलटेकवरही चालतं. मशीन म्हणून ६ ते ८ कोअर, ३२ जीबी रॅम, सारख्या दोन एसएसडी आणि बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क पुरते. टॅलीच्या विंडोजला ४ कोअर व ८ जीबी, हजेरीला २ कोअर व ४ जीबी, फाइल सर्व्हरच्या लिनक्स कंटेनरला (व्हीएमसारखाच, पण हलका) १ ते २ जीबी द्या. तरी भरपूर रॅम उरते.

बसवताना ठरलेल्या चार जागी लोक अडतात. रुफसने पेनड्राइव्ह करताना ‘डीडी’ मोड निवडायचा, नाहीतर बूट होत नाही. दोन एसएसडीवर झेडएफएस मिरर (दोन्हीवर तोच डेटा) करायचा असेल तर मध्ये डिस्क एकत्र जोडणारं हार्डवेअर रेड (RAID) कार्ड नको. पहिल्या अपडेटला ४०१ एरर येते, कारण मुळात सशुल्क रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) लावलेली असते. ती बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’वाली जोडायची. आणि विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही! डिस्क बिघडलेली नसते, प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्कला लागणारा व्हर्टआयओचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो. त्याची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून ‘लोड ड्रायव्हर’मधून व्हीआयओ-स्कझी फोल्डर दाखवला की डिस्क येते. विंडोज ७ साठी ही खटपट नको. डिस्क साटा आणि नेटवर्क कार्ड इंटेल ई-१००० ठेवा. या व्हीएमला इंटरनेट देऊ नका.

डोंगल जोडताना ‘यूएसबी पोर्ट’ हा पर्याय घ्या. आयडीने जोडले तर सारखे दोन डोंगल असताना घोळ होतो. टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून जुन्या पीसीवरून व्हीएममध्ये जाण्याआधी ते सरेंडर करायचं आणि मग नवीन ठिकाणी अ‍ॅक्टिव्हेट करायचं. प्रत्येक विंडोज व्हीएमला विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं, हा खर्च हिशोबात धरा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, आणि आठवड्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर मागे गेलात की मधली सगळी व्हाउचरंही जातात. रोज रात्रीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर लावा आणि महिन्यातून एकदा तो नव्या व्हीएम नंबरवर रिस्टोअर करून टॅली उघडतंय का बघा. तो व्हीएम उघडताना त्याचं नेटवर्क काढून ठेवा, नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर भांडतात.

घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर लावू नये. साध्या मोडमध्ये तो लाईटवरून बॅटरीवर जायला इतका वेळ घेतो की मशीन रीस्टार्ट होतं. यूपीएस यूएसबीने जोडून प्रॉक्समॉक्सवर नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, NUT) बसवा, आणि विंडोजमध्ये प्रॉक्समॉक्सचा निरोप घेणारा क्यूईएमयू गेस्ट एजंट टाका, म्हणजे बॅटरी संपत आली की व्हीएम नीट बंद होतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात टॉवेल कारखान्यातली कापसाची तूस पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसते. मग सीपीयू स्वतःच वेग कमी करतो आणि ‘व्हर्च्युअलायझेशनमुळे टॅली स्लो झालं’ अशी बोंब होते. उन्हाळ्यात दर महिन्याला ब्लोअर मारणं हाच त्यावरचा इलाज.

आधी हात बसवायचा असेल तर प्रॉक्समॉक्स वर्कस्टेशन प्रोमध्ये व्हीएम म्हणून टाकता येतं. प्रोसेसर सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअलाइज इंटेल व्हीटी-एक्स’ला टिक करा आणि ८ जीबी रॅम द्या. बसल्यावर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून त्याचा आयपी आणि पुढे पोर्ट ८००६ टाइप करायचं. विंडोजचा हायपर-व्ही चालू असेल तर ही टिक चालत नाही, तो आधी बंद करावा लागतो.