दोन शेळ्या, एक पोतं: गोळीपेंड घ्यावी की घरचा भरडा?

आरेच्या पाड्यात किंवा जोगेश्वरीत चाळीमागे दुधासाठी दोन-तीन शेळ्या पाळणाऱ्याला हा प्रश्न पडतोच: शेळी गाभण आहे, तयार गोळीपेंड, म्हणजे पोत्यातला गोळ्यांचा खुराक, सुरू करू की घरीच धान्य-पेंडीचा भरडा कालवू? पोसायला दोन्ही पोसतात. पण मुंबईच्या दमट हवेत मी भावाआधी एकच गोष्ट बघते, पोतं किती दिवस उघडं राहणार.

हिशेब करा. शेळी साधारण 150 दिवसांनी विते. करडांची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यातली, आणि नेमकी तेव्हाच पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. म्हणून त्या काळात 200 ग्रॅमपासून हळूहळू चढवत 400-500 ग्रॅम खुराक द्यायचा. दोन गाभण शेळ्यांना रोज 800 ग्रॅम धरले, तर 50 किलोचं पोतं दोन महिने पुरतं. जुलैत उघडलेलं पोतं तेवढे दिवस टिकत नाही. मनगटापर्यंत हात आत घाला: गोळ्या कोमट लागल्या, गठ्ठे झाले असतील, कुबट वास आला, तर ते शेळीपुढे टाकू नका. शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही.

भरडा मात्र दहा किलोच करता येतो. मका भरडा 4 किलो 200 ग्रॅम, पेंड 2 किलो, गव्हाचा कोंडा 2 किलो, तूरचुनी (डाळ करताना उरलेला तुरीचा चुरा-टरफलं) दीड किलो, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. बारा दिवसांत संपतो. पावसाळ्यात मी शेंगदाण्याऐवजी सोयाबीन पेंड घालते. अडचण एकच, शेळी चोखंदळ. ओठांनी मक्याचे दाणे टिपते, फुंकर मारून भुगा उडवते आणि खनिज मिश्रण गव्हाणीच्या तळाशी राहतं. गुळाच्या पाण्याचा हलका हात फिरवला की सगळं चाटूनपुसून खाते. गोळीत ही निवडानिवड होतच नाही, हा तिचा खरा फायदा.

व्यायल्यावर पारडं फिरतं. अंगासाठी पाव किलो, वर दर लिटर दुधामागे 300-400 ग्रॅम. दीड लिटर देणाऱ्या शेळीला पाऊण किलोच्या आसपास लागतो, तोही दोन-तीन वेळांत विभागून. दोन शेळ्यांत पोतं महिन्याभरात संपतं, म्हणून दुधाच्या दिवसांत, पाऊस नसेल तर, मी गोळीच घेते. गाय-म्हशीच्या काही गोळ्यांत युरिया असतो. पोत्यावरचा मजकूर वाचा, करडांना त्यात तोंड घालू देऊ नका. भरड्यावरून गोळीवर येताना आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्या.

फुकटचा तिसरा पर्याय, बेकरीचा शिळा पाव आणि उरलेला भात, मी कुणालाच सुचवत नाही. चांदी नावाच्या साडेचार महिन्यांच्या गाभण शेळीला शेजाऱ्यांनी मायेने लग्नातला भात घातला होता. सकाळी पोट टम्म, मान टाकलेली, दात करकरत होती. डॉक्टरांनी तिला वाचवलं, पण जुळी करडं मेलेली जन्मली.

भरडा असो की गोळी, आधी पाला खाऊ द्या. फणस, शेवरी, वड, थोडं सुबाभूळ. पावसाळ्याआधीच्या झाडछाटणीत रस्त्यावर भरपूर मिळतो. फक्त त्या ढिगात दुभाजकावरची कण्हेर नाही ना, हे फांदी फांदी उचलून बघा.