जुन्या ट्रकचा गंजलेला पत्रा: घरी काय करावं, बाहेर काय द्यावं

गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली डॉज-फार्गो असो की 1954 ते 1969 च्या काळातली टाटा-मर्सिडीज, हत्यारं विकत घेण्याआधी केबिनमध्ये शिरा आणि आतून पत्रा ठोकून बघा. आपल्याकडचे कित्येक ट्रक कारखान्यातून नुसत्या काऊल-चासीवर बाहेर पडले. म्हणजे इंजिन, बॉनेट, मडगार्ड हा पुढचा भाग कंपनीचा. मागची केबिन आणि हौदा मात्र बॉडीबिल्डरने लाकडी सांगाडा उभा करून वर पत्रा मारून केलेला. अशा केबिनला वेल्डिंग लावलंत तर पत्र्यामागचं लाकूड पेट घेईल. तिथे पत्रा उचकटायचा, कुजलेली लाकडं बदलायची आणि नवा पत्रा बसवायचा. ते सुतारकाम आहे आणि घरी करायला उलट सोपं. खालची तुलना आहे ती पोलादी, प्रेस केलेल्या भागांची.

दुसरी तपासणी लोहचुंबक आणि स्क्रू ड्रायव्हरची. चुंबक जिथे धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी पुट्टी थापलेली आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जिथे जरा दाबल्यावर आत जातं तिथे पत्रा संपला. दारांचे तळ, पायाखालचे फ्लोअरचे कोपरे, केबिनचे मागचे दोन कोपरे आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, या चार जागा बहुतेक गाड्यांत सडलेल्या निघतात. तिथे कुठलंही केमिकल ओतून उपयोग नाही, कापावंच लागतं. बाकीच्या ठिकाणी गंज वरवरचा असतो आणि निवड करायची ती तिथे.

ग्राइंडर की ब्लास्टिंग

चार इंची ग्राइंडर आणि त्याला तारेचा कप ब्रश, ही सगळ्यात स्वस्त सुरुवात. पापुद्रे सुटतात, रंग उडतो, काम डोळ्यांसमोर पुढे सरकतं. पण तारेचा ब्रश पत्र्यावरच्या बारीक खड्ड्यांतला गंज काढत नाही, घासून चकचकीत करतो. वरून पत्रा स्वच्छ दिसतो आणि खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके तसेच राहतात. उन्हात तिरकं धरून बघितलं की ते दिसतात. फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावली तर खड्डे जातात, सोबत पत्राही जातो. 20 गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम 0.9 मिलिमीटर. त्यातला अर्धा गंजाने आधीच खाल्लेला असेल तर डिस्कने उरलेला खाऊ नका. शिवाय ब्रशची तुटलेली तार गोळीसारखी सुटते, म्हणून फुल फेस शील्डशिवाय हे काम करू नये. जुन्या रंगात आणि लाल प्रायमरमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. ते कोरडं घासून धुरळा उडवण्यापेक्षा आधी पेंट रिमूव्हर लावून खरवडा किंवा पाणी लावून हाताने घासा. घरात लहान मुलं असतील तर कामाचे कपडे वेगळे धुवा.

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा, हा या खड्ड्यांचा खरा इलाज. पत्रा राखाडी, एकसारखा खरखरीत होतो आणि प्रायमर त्याला घट्ट धरतो. तरीही घरी ब्लास्टिंग करावं असं मी म्हणणार नाही. गॅरेजमधला छोटा सिंगल फेज कॉम्प्रेसर त्याला पुरतच नाही. मिनिटभर वाळू मारायची आणि टाकी भरण्याची वाट बघत बसायचं, असा खेळ होतो. नदीच्या वाळूचं तर नावही नको. तिच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि तिने होणाऱ्या सिलिकॉसिस या रोगावर उतारा नाही. काम बाहेर द्यायचं तर वाळूऐवजी गार्नेट (एका कठीण खनिजाचे कण) वापरणारा माणूस शोधा आणि त्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा: चासी, चाकांच्या डिस्क, ब्रॅकेट, बंपर बिनधास्त मार, बॉनेट, टप आणि दारांच्या मोठ्या सपाट पत्र्यांना हात लावू नकोस. सपाट पत्र्यावर कणांचा मारा एकाच बाजूने बसला की ती बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. लोक याला उष्णतेने वाकला म्हणतात. कारण काहीही माना, तो पुन्हा सरळ करणारा डेंटर मिळणं कठीण.

बुडवून काढायचं तर

बिजागऱ्या, लॅच, आरशाचे दांडे, हेडलाइटच्या रिंगा, म्हणजे बादलीत मावेल ते सगळं, घरच्या घरी करण्यासारखं. इथे मला लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) सगळ्यात आवडतं. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम, भाग आधी साबणाने धुऊन ग्रीस काढलेला आणि एक रात्र बुडवलेला. सकाळी तारेच्या ब्रशने काळा थर निघतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात विसळून लगेच पुसा, हवेने सुकवा आणि प्रायमर मारा. दुपारी मारू म्हटलंत तर पावसाळ्यात तासाभरात पत्रा केशरी दिसू लागतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग यात टाकू नका. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे बोल्टही नकोत, ते ठिसूळ होऊ शकतात.

इलेक्ट्रोलिसिस याहून सावकाश, पण चांगल्या लोखंडाला धक्का लावत नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, निगेटिव्ह वायर भागाला आणि पॉझिटिव्ह फुकट जाणाऱ्या लोखंडाच्या पट्टीला. स्टेनलेसची पट्टी अजिबात वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा. पट्टीच्या समोर येतो तेवढाच भाग नीट साफ होतो, आडोशाचा राहतो. त्यामुळे आत-बाहेर वळलेल्या भागांना लिंबूफूलच बरं.

परदेशी व्हिडिओ बघून मळीचा (मोलॅसिसचा) ड्रम भरावा असं अनेकांना वाटतं. मळीत लोखंड छान साफ होतं हे खरं, पण दोन-तीन आठवडे लागतात आणि वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. शिवाय महाराष्ट्रात मळीचा व्यवहार उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखाली येतो. साखर कारखान्याच्या गेटवर कॅन घेऊन उभं राहू नका.

रस्ट कन्व्हर्टर म्हणून बाटल्यांत मिळतं त्यातलं बरंचसं फॉस्फोरिक ॲसिड असतं. मडगार्डच्या आतल्या बाजूच्या पातळ गंजाला ठीक. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज चालू राहतो. त्यावर एपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा प्रायमर) मारायचा असेल तर आधी त्याच्या डब्यावरची सूचना वाचा. ॲसिड धुतलेलं नसेल तर बरेच एपॉक्सी त्यावर धरत नाहीत. फरशी साफ करायचं ॲसिड मात्र शेडमध्ये उघडूही नका. जोडांच्या आत अडकतं आणि त्याच्या वाफांनी जवळच्या पान्यांवरही गंज चढतो.

सडलेल्या जागी: पॅच, फायबर की पुट्टी

रेझिन आणि काचेची चटई लावून भोक बुजवणं एका शनिवारचं काम. पाणी मात्र आतल्या बाजूने येतं, चटईमागे साठतं आणि कडेचा पत्रा खायला लागतं. पुट्टीचं तेच. पॉलिस्टर पुट्टी ओल शोषते, म्हणून ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि उघड्या पत्र्याऐवजी एपॉक्सी प्रायमरवर मारावी. कोकणात गाडी ठेवणार असाल तर हा नियम दुप्पट कडक पाळा.

वेल्डिंगमध्ये निवड अशी. नाक्यावरचा डेंटर गॅस वेल्डिंग करतो. जोड मऊ राहतो, हातोडीने बसवता येतो, पण उष्णता दूरवर पसरून सपाट पत्रा लाटा घेतो. सीओटू वेल्डिंगला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशाने यंत्रातून येणारी तार वितळवण्याच्या वेल्डिंगला, उष्णता कमी लागते. 0.8 मिलिमीटरची तार, एकेक टाका, तो निवेपर्यंत दुसरीकडे टाका, असं करत गेलं की नवख्याच्या हातूनही फ्लोअर नीट बसतो. बिनगॅसची फ्लक्सवाली तार स्वस्त पडते, पण 20 गेजच्या पत्र्याला भोकं पाडते. ती 18 गेज किंवा त्याहून जाड पत्र्यालाच वापरा. साधं आर्क वेल्डिंग बॉडीला नकोच. पॅचसाठी सीआर शीट (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी पत्रा) घ्या. जीआय शीट (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) वेल्ड केली तर जस्ताच्या धुराने संध्याकाळी अंगात कणकण भरते.

माझा कौल: फ्लोअर, पायदान, केबिनच्या कोपऱ्यांचे आतले थर शिकत शिकत स्वतः करा, तिथे वेडावाकडा टाका कुणाला दिसत नाही. दाराची बाहेरची स्किन आणि बॉनेट डेंटरकडे द्या आणि पुट्टी चढवण्याआधी उघडा पत्रा बघायला येईन असं आधीच ठरवून घ्या.

प्रायमर आणि रंग

रेड ऑक्साइड स्वस्त आणि ब्रशने लागतो, पण ओल अडवत नाही. प्रायमर मारून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर दोन भागांचा एपॉक्सीच घ्या. वरच्या रंगात पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ आणि चमकदार. मात्र त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट दम्याला निमंत्रण देतं आणि साध्या मास्कने थांबत नाही, म्हणून पीयू बूथ असलेल्या पेंटरकडे. सिंथेटिक एनॅमल घरी मारता येतो, आणि जुन्या ट्रकला तोच शोभतो. या गाड्यांवर पूर्वी तोच असायचा.

दिवाळीनंतर पत्रा उघडा करा आणि मे संपायच्या आत प्रायमरखाली झाका. एकदम सगळी गाडी उघडी करण्यापेक्षा एक दार, मग एक मडगार्ड, असं चालवलं तर काम मध्येच अडलं तरी नुकसान होत नाही.

कागदांचंही आधी बघा. 2021 मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे आणि चासी किंवा बॉडी शेलमध्ये मोठा बदल तिला चालत नाही. ती दुचाकी आणि मोटारी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असल्याने मालवाहू ट्रकबद्दल आपल्या आरटीओत विचारूनच पुढे जा. आणि चासी ब्लास्टिंगला पाठवण्याआधी तिच्यावर ठोकलेला नंबर शोधा, फोटो काढा, त्यावर जाड टेप लावा आणि कामगाराला तो भाग स्वतः दाखवा.